मीटरचा कान माणसाचा

गणपतीचं एक नाव शूर्पकर्ण, म्हणजे सुपासारख्या कानांचा. पायाशी त्याचं वाहन, उंदीर. प्राण्यांच्या ऐकण्याचा अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीची जोडी मिळणार नाही, कारण जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांच्या श्रवणपट्टीची जवळजवळ दोन्ही टोकं एकाच मखरात बसलेली आहेत. आपल्या बोलण्याइतका, म्हणजे ६० डेसिबलचा आवाज धरला तर आशियाई हत्तीचं ऐकणं साधारण १७ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १७ कंपांना, सुरू होतं आणि साडेदहा हजार हर्ट्झच्या आसपास संपतं. घरातल्या छोट्या उंदराचं ऐकणं सुरूच होतं सव्वादोन हजारांच्या पुढे आणि जातं थेट ८५ हजारांपर्यंत. माणूस मध्ये कुठेतरी, ढोबळमानाने २० ते २० हजार. म्हणजे पुण्यात विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर स्पीकरच्या भिंतीतून निघालेला जो बास आपल्या छातीत धडधडतो, तो हत्तीच्या कानात पुरेपूर शिरेल आणि उंदराच्या कानाला जवळजवळ लागणारच नाही. त्याला हादरे कळतील ते पायांतून. ताशाची तडतड मात्र उंदराला आपल्याहून कितीतरी अधिक धारदार लागेल.

आता त्याच रस्त्यावर जे मीटर धरलं जातं, त्याला काय ऐकू येतं? सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी वर्षानुवर्षं विसर्जनाच्या दिवशी चौकाचौकांत आवाज मोजतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आकडे येतात, शंभरीच्या आसपासचे. हे आकडे ‘डेसिबल ए’मधले असतात. यातला ‘ए’ महत्त्वाचा आहे. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसांना वेगवेगळ्या पट्टीतले सूर ऐकवून कोणता किती मोठा वाटतो याचे आलेख काढले. ‘ए’ची वजाबाकी त्या आलेखांवरून ठरली. माणसाच्या कानाला जड, म्हणजे खालच्या पट्टीतले, सूर हलके वाटतात, म्हणून मीटर ते कापून टाकतं. १००० हर्ट्झला काहीच वजा होत नाही. १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा होतात, ५० हर्ट्झला ३०, २० हर्ट्झला ५०. हवेत प्रत्यक्ष ११० डेसिबलचा ५० हर्ट्झचा बास घुमत असला तरी त्याच्या वाट्याला मीटरवर ८० एवढेच येतात. वरच्या टोकाला २० हजारांच्या पुढे तर मीटरच्या मायक्रोफोनकडून काही अपेक्षाच नसते.

म्हणजे मीटर हा एक कान आहे, आणि तो माणसाचा आहे. माणसांच्या तक्रारीसाठी ते ठीकच. पण पुण्याच्या हद्दीत वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, पाषाण तलाव आहे, कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे, येरवड्याजवळचा डॉ. सलीम अलींच्या नावाने ओळखला जाणारा नदीकाठ आहे. या ठिकाणी आवाज किती हे ठरवताना माणसाचाच कान वापरणं म्हणजे गव्हाच्या चाळणीने मोहरी चाळण्यासारखं आहे. अशा जागांपुरती तरी मोजण्याची आणि मर्यादा घालण्याची रीत बदलायला हवी, एवढंच या लेखाचं म्हणणं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. असलेल्या नियमांत जागा आहे, ती वापरली जात नाही.

जनावरागणिक कान वेगळा का, याचं उत्तर बरंचसं डोक्याच्या आकारात आहे. आवाज कुठून आला हे कळण्यासाठी दोन कानांना पोचणाऱ्या आवाजात फरक पडावा लागतो. एक फरक वेळेचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. माणसाच्या एका कानापासून दुसऱ्यापर्यंत जायला त्याला जास्तीत जास्त सेकंदाचा दीड हजारावा भाग लागतो. उंदराच्या डोक्यात हाच फरक इतका बारीक होतो की त्यावर विसंबता येत नाही. मग उरतो दुसरा फरक, सावलीचा: डोकं आडवं आल्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज कमी पोचतो. पण सावली पडायला लहरीची लांबी डोक्याहून लहान हवी. १००० हर्ट्झच्या आवाजाची लहर ३४ सेंटिमीटर लांब असते, ती उंदराच्या डोक्याला वळसा घालून निघून जाते. ४० हजार हर्ट्झची लहर साडेआठ मिलिमीटरची, ती अडते. म्हणून लहान डोक्याच्या प्राण्याला वरची पट्टी लागते आणि मोठ्या डोक्याच्या प्राण्याला तिच्यावाचून चालतं. या नियमाबाहेरचेही आहेत: मांजर वर ८५ हजारांपर्यंत ऐकतं ते उंदराच्या पिलांची हाक ऐकायला, पण खाली ४५-५० हर्ट्झपर्यंतही त्याची पोच आहे. कुत्र्याची पट्टी ६७ ते ४५ हजार, गाईची २३ ते ३५ हजार. हे आकडे आवाजाचा जोर किती धरला त्यावर थोडे सरकतात.

या पट्ट्यांना अंतराची जोड दिली की शहराचं चित्र स्पष्ट होतं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर १०० डेसिबल असलेला आवाज वीस मीटरवर ९४, शंभरावर ८०, किलोमीटरवर ६०. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे. तिथवर उतरायला पावणेदोन किलोमीटर लागतील. मध्ये इमारती, झाडं, जमीन यांनी थोडी मदत होते, पण कुणाला? हवा स्वतः ८ हजार हर्ट्झचा आवाज शंभर मीटरमागे ७-८ डेसिबलने पिते, ४० हजारांचा तर एकेका मीटरला डेसिबलभर. ६३ हर्ट्झचा बास मात्र किलोमीटरभर जाऊनही हवेमुळे जेमतेम दशांश डेसिबल हरवतो. भिंतीचंही तेच: पट्टी निम्म्यावर आली की भिंतीची अडवण्याची ताकद ६ डेसिबलने घटते. थोडक्यात, बारीक आवाज जवळच्या प्राण्याचा छळ करतो आणि जड आवाज गावभर फिरतो. मीटर नेमका तोच जड आवाज वजा करतं.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या सापांकडे पाहा. साप बहिरा असतो, असं आपण शाळेपासून ऐकतो. बाहेरचा कान नाही, पडदा नाही, हे खरं. गारुड्याच्या पुंगीला तो डोलतो ते सुरामुळे नसून पुंगी हलते म्हणून, हेही खरं. पण त्याच्या जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत वाट आहे. रॉयल पायथन या आफ्रिकी अजगरावर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं की हवेतून आलेल्या आवाजाने कवटी कंप पावते आणि तो कंप अजगराला जाणवतो. सगळ्यात चांगला जाणवतो ८० ते १६० हर्ट्झच्या दरम्यान. डीजेचा आणि ढोलाचा जीव नेमका याच पट्टीत. ‘ए’ मीटर इथे २२ ते १३ डेसिबल कापतं. म्हणजे सापाला सर्वांत चांगलं जे ऐकू येतं, तेच आपण कागदावरून पुसतो.

वेताळ टेकडीवरचे मोर याच गोष्टीचं दुसरं टोक. मोर पिसारा उभारून थरथरवतो तेव्हा त्यातून २० हर्ट्झच्या खालचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो, आणि तो आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवला की मोर-लांडोर सावध होतात, असं कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. १० हर्ट्झला ‘ए’ची वजाबाकी ७० डेसिबलची आहे. टेकडीच्या पायथ्याशी या पट्टीत काय चाललंय, हे आपल्या मीटरला कळणारच नाही. मोराचा विणीचा हंगाम पावसाळ्यातला, आणि पुण्यात ढोलपथकांचा सरावही त्याच महिन्यांतला. हा योगायोग मोरांच्या दृष्टीने फारसा बरा नाही.

घुबडाचा मुद्दा वेगळा आहे. गव्हाणी घुबड पूर्ण अंधारात, केवळ कानावर उंदीर पकडतं. त्याचे दोन कान समपातळीत नसतात. डाव्याचं तोंड थोडं वर आणि खाली रोखलेलं, उजव्याचं थोडं खाली आणि वर रोखलेलं. आवाज आधी कोणत्या कानाला पोचला यावरून डावं-उजवं कळतं, आणि कोणत्या कानाला मोठा लागला यावरून वर-खाली. पाचोळ्यातली खसखस काही हजार हर्ट्झची असते आणि फार हळू. ती झाकून जायला शंभर डेसिबल लागत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या एका छोट्या घुबडावरचा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पार्श्वभूमीचा आवाज एकेका डेसिबलने वाढवत नेला तशी शिकार साधण्याची शक्यता दर डेसिबलमागे सुमारे ८ टक्क्यांनी घटली. आणि हे अगदी साध्या, गप्पांच्या पातळीच्या आवाजात. म्हणजे मिरवणुकीची एक रात्र घुबडाला उपाशी ठेवेल, पण उरलेल्या ३६४ रात्री त्याची शिकार हिरावणारा असतो तो रस्ता, जनरेटर, इमारतीच्या गच्चीवरचा एसीचा पंखा. दणदणाटावर ओरडणं सोपं आहे. ही सततची घरघर कुणाच्याच यादीत नाही.

सवय होते की त्यांना, असं यावर म्हटलं जातं. शहरात कावळे, घारी, साळुंक्या मजेत आहेतच ना? आहेत. पण ‘सवय’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडतात. काही पक्षी आपला आवाज बदलतात: नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या वस्तीतले ग्रेट टिट पक्षी गाण्यातले खालचे सूर वर सरकवतात, हे २००३ साली नोंदलं गेलं, बर्लिनमधले नाइटिंगेल रहदारीच्या काठावर जोर वाढवून गातात, त्यात १४ डेसिबलपर्यंत फरक पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांना बदलता येत नाही ते निघून जातात, आणि उरलेल्यांना पाहून आपण म्हणतो, बघा, सवय झाली. रहदारीचा आवाज मुख्यतः दोन हजार हर्ट्झच्या खाली असतो. भारद्वाजाची हुप-हुप, घुबडांचे हुंकार त्याखाली गाडले जातात. शिंपी आणि शिंजीर बारीक आवाजावर तरून जातात. याला पारवा हा मोठा अपवाद. त्याचं घुमणंही खालच्या पट्टीतलं, आणि तो तर फोफावतो आहे. पण पारव्याचं प्रेम वीतभर अंतरावरून चालतं आणि खायला आपण घालतो. त्याच्यावरून भारद्वाजाचा निकाल लावता येत नाही.

पक्ष्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे, तीही सांगितली पाहिजे. सस्तन प्राण्यांच्या आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. पक्ष्यांच्या काही आठवड्यांत पुन्हा उगवतात, हे १९८०च्या दशकाअखेर कोंबडी आणि लाव्यावरच्या कामातून कळलं. म्हणजे मोठ्या आवाजाने कायमचा बहिरेपणा येण्याचा धोका पक्ष्याला कमी, कुत्र्या-मांजराला आणि आपल्याला जास्त.

म्हणून फटाक्यांचा विचार वेगळा करावा लागतो. कानात मध्यकर्णाचा एक बारीक स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो ताणला जाऊन हाडांची साखळी आवळतो. पण त्याला ताणायला सेकंदाचा किमान पंचविसावा भाग लागतो आणि तो अडवतो ते मुख्यतः जड सूर. सुतळी बॉम्बचा पहिला दणका त्याआधीच आत गेलेला असतो. नियमाप्रमाणे फटाक्याची मर्यादा फुटल्या जागेपासून चार मीटरवर मोजतात: १२५ डेसिबल ‘ए’ किंवा दणक्याच्या शिखराला १४५ डेसिबल ‘सी’. (बघा, फटाक्यांच्या बाबतीत नियमकर्त्यांना ‘ए’ पुरत नाही हे ठाऊक होतं, ‘सी’ जड सूर जवळजवळ कापत नाही.) चार मीटर हे उभ्या माणसाचं अंतर झालं. दुकानाच्या पायरीखाली झोपलेलं कुत्रं एक मीटरवर असतं, तिथे १२ डेसिबल जास्त. अर्ध्या मीटरवर १८. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ फटाके बंद केले, २०१८ साली दिवाळीला दोन तास ठरवून दिले. या वेळा माणसाच्या झोपेच्या हिशेबाने आहेत, पण जनावरालाही एक फायदा होऊ शकतो: वेळ ठरलेली असेल तर तयारी करता येते. घरच्या कुत्र्याला संध्याकाळी सहाच्या आधी फिरवून आणायचं, आतल्या खोलीत ठेवायचं, पंखा आणि टीव्ही चालू ठेवायचे, गळ्यात फोन नंबरचा पट्टा घालायचा, कारण घाबरलेलं कुत्रं दार उघडं सापडलं की सुसाट पळतं. एक सावधगिरी मात्र हवी. एसीपी नावाने ओळखली जाणारी जुनी गुंगीची गोळी कुत्र्याला लुळं करते, त्याची भीती कमी करत नाही. कुत्रं शांत पडलेलं दिसतं आणि आतून तितकंच घाबरलेलं असतं. भीतीवर चालणारी वेगळी औषधं आहेत, पशुवैद्याकडे आठवडाभर आधी जायचं. हे सगळं तेव्हाच उपयोगी, जेव्हा दोन तास म्हणजे दोनच तास असतात.

वरच्या पट्टीबद्दलचं आपलं अज्ञान विकलंही जातं. सोसायट्यांमध्ये प्लगला लावायची उंदीर पळवणारी यंत्रं असतात, फोनवर डास पळवणारी ॲप. श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू येण्याच्या वरच्या पट्टीतला आवाज भिंतीच्या पलीकडे जात नाही, सोफ्याच्या मागेही जात नाही, आणि उंदीर काही दिवसांत त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डासांच्या यंत्रांबद्दलच्या दहा क्षेत्रीय अभ्यासांचा आढावा २००७ साली घेतला गेला. चावे कमी झाल्याचं एकातही दिसलं नाही. या यंत्राचा खरा त्रास त्याच खोलीतल्या मांजराला.

वासाबाबत परिस्थिती याहून अवघड आहे, कारण वासाला मीटरच नाही. हवेची प्रत आपण मोजतो ती फुप्फुसांसाठी: धूलिकण, नायट्रोजनची ऑक्साइडं, ओझोन. पण यांतलीच काही द्रव्यं हवेतले सुगंधाचे रेणू मोडतात. २०१३ साली इंग्लंडमध्ये मोहरीच्या कुळातल्या एका पिकाच्या फुलांचा वास आठ घटक मिसळून तयार केला आणि त्यात डिझेलचा धूर सोडला. दोन घटक मिनिटभरात इतके मोडले की यंत्राला सापडेनात, आणि तो वास शिकलेल्या मधमाशा उरलेल्या वासाला ओळखेनाशा झाल्या. मधमाशी फूल शोधते ते वासाच्या धाग्यावरून, धागा मध्येच तुटला की फूल असून नसल्यासारखं. पुण्याला हे परकं वाटायचं कारण नाही. देशातली मधमाशांची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून याच शहरात आहे. आणि तरी उंच इमारतीच्या छज्जाला आग्या मोहोळ लागलं की सोसायटीचा ठराव ठरलेला असतो: औषध मारा. एक माशी चिरडली की तिच्या नांगीजवळून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तोच बाकीच्यांना हल्ल्याचा हुकूम. जाणकार माणसं आधी धूर करतात तो हा वास झाकण्यासाठीच. औषध मारणाऱ्याने अर्धवट काम केलं तर खाली पार्किंगमध्ये काय होतं, हे त्या वासावरून समजून घ्यावं.

कुत्र्याच्या नाकाचं कौतुक सगळेच करतात. त्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी काही कोटी ते तीस कोटी, आपल्या पन्नास-साठ लाख. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा हवा ओढतो, आणि सोडतो ती नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून, म्हणजे बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या वासाला उडवून लावत नाही. या नाकासमोर आपण जिन्यात रोज फिनाईल ओततो, भटकं कुत्रं येऊ नये म्हणून. ते येतंच, शिवाय आपली खूण पुसली गेली म्हणून पुन्हा तंगडी वर करण्याची शक्यता अधिक. त्रास होतो तो मांजराला. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात, आणि ती निकामी करणारं एक विकर मांजराच्या यकृतात नीट बनत नाही. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं, बाकी काही करावं लागत नाही. पाणी आणि साबण पुरतात. वास राहिलाच तर एन्झाइमवालं द्रावण.

चवीचं थोडक्यात. इथे तर आपण सरळ आपली जीभ दुसऱ्याच्या तोंडात घालतो. मांजरापुढे पेढा ठेवतो. मांजराला गोड कळतच नाही, गोडाच्या संवेदकाचा एक जनुक त्याच्यात तुटलेला आहे, हे २००५ साली सापडलं. त्याला आवडलीच तर पेढ्यातली चरबी. पोपटाला मिरची खाताना बघून कौतुक वाटतं. मिरचीची आग ज्या संवेदकाला लागते तो पक्ष्यांचा तिला दादच देत नाही. (पिंजऱ्यातला पोपट १९७२च्या वन्यजीव कायद्याने मुळात बेकायदा आहे, ते वेगळंच.) या दोन चुका निरुपद्रवी म्हणू. तिसरी नाही. गाईच्या जिभेवर आपल्या दुपटी-तिपटीहून जास्त रुचिकलिका आहेत, तरी ती पिशवी गिळते, आणि लोक म्हणतात, जनावराला काय कळतंय. तिला कळतं म्हणूनच ती गिळते: पिशवीत आमटी आहे, मीठ आहे. वरचे पुढचे दात नसल्याने ती जिभेने वेटाळून घास ओढते, अर्धवट चावून गिळते, निवडत बसत नाही. चावायचं काम रवंथ करताना. पिशवी रवंथीला वर येत नाही. ती पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत जाते. म्हणून ओला कचरा पिशवीला गाठ मारून टाकायचा नाही, मोकळा द्यायचा, हा नियम जितका महापालिकेच्या खतप्रकल्पासाठी आहे तितकाच गाईच्या जिभेसाठी.

माशांना चव आणखी वेगळ्या जागी असते. मागूर, शिंगाळा अशा मिशावाल्या माशांच्या मिशांवर आणि अख्ख्या कातडीवर रुचिकलिका असतात. गढूळ पाण्यात तेच त्यांचे डोळे. १९६५ साली अशाच एका अमेरिकी माशावर डिटर्जंटचा प्रयोग झाला. दहा लाख भाग पाण्यात अर्धा भाग एवढ्या प्रमाणानेही रुचिकलिका झिजल्या आणि माशाला अन्न सापडेना. तेव्हाचे डिटर्जंट आजच्याहून वेगळे होते, हे मान्य. पण आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस पाहून, तिथल्या माशाला काही चवीने शोधता येत असेल असं कुणी म्हणणार नाही. नदीचा अहवाल येतो तो बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू) आणि विरघळलेल्या प्राणवायूचा. मासा जगेल की नाही एवढं त्यातून कळतं. जगलेल्या माशाला जेवण सापडतं का, हा प्रश्न अहवालात नसतो.

आता नियमांकडे. ध्वनिप्रदूषण नियम २०००चे. शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५०, रात्री ४०. रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं, न्यायालयं यांच्याभोवती किमान १०० मीटर असं क्षेत्र करता येतं, आणि तक्त्याखालच्या टिपेत सक्षम प्राधिकरण जाहीर करील ते अन्य क्षेत्रही आहे. त्या ‘अन्य’मध्ये वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलाव, सलीम अलींच्या नावाचा पट्टा आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय घालायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. हद्द मात्र १०० मीटरवर थांबवू नये. वरचा हिशेब आठवा: दहा मीटरवरचे १०० डेसिबल शंभर मीटरवर ८० उरतात. ‘किमान १००’ या शब्दांत ५०० लिहायला बंदी नाही.

दुसरी मागणी मीटरच्या बटणाची. चांगल्या प्रत्येक मीटरवर ‘ए’च्या शेजारी ‘सी’ असतो. दोन्ही आकडे नोंदवावेत, ज्यादा खर्च शून्य. ‘सी’ उणे ‘ए’ पंधराच्या पुढे गेलं की समजावं, इथे बासचं राज्य आहे. मर्यादा आज ‘ए’मध्येच आहे, त्यामुळे ‘सी’वरून दंड होणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण आकडेच नसतील तर उद्या मर्यादा कशावरून ठरवणार? मोजणाऱ्याने मीटर जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर धरावं, भिंतीपासून साडेतीन मीटर दूर, वाऱ्याची टोपी घालून. फोनवरच्या ॲपवर विसंबू नये: फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनलेला, बास तो आधीच कापतो आणि शंभरीच्या पुढे बहुतेक वेळा तुंबतो.

सणाला हात लावता, हा आरोप येणारच. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ ध्वनिवर्धकाची सूट देऊ शकतं. त्या पंधरा दिवसांवर हा लेख नाही. जागा आणि तास यांवर आहे. नदीपात्रातल्या सरावाची वेळ संध्याकाळी असते, आणि दिवस मावळताना थव्याने झाडावर परतणारे पक्षी, बाहेर पडणारी वटवाघळं, शिकारीला निघणारं घुबड, सगळ्यांची वेळ तीच. वटवाघूळ हे नाव आपण सगळ्यांना सरसकट देतो. झाडाला लटकणारी मोठी फलाहारी डोळ्यांवर आणि नाकावर चालतात, त्यांना या गोंगाटाने वाट चुकत नाही. किडे खाणारी छोटी वटवाघळं मात्र स्वतःच्या हाकेच्या प्रतिध्वनीवर उडतात, आणि त्यांतली काही पाचोळ्यातल्या किड्याची खसखस ऐकून शिकार करतात. घुबडासारखीच अडचण त्यांची.

पथकांचा सराव काठावरच्या मोठ्या झाडांपासून दोनशे मीटर लांब नेला, आणि सूर्यास्ताच्या अलीकडची-पलीकडची मिळून पाऊण तासाची विश्रांती घेतली, तर वादन बिघडत नाही. ढोलाच्या पानाला ताण द्यायला, ताशा शेकायला तसाही तेवढा वेळ लागतोच.